दोघांपुरता स्वयंपाक

घरातली माणसं कमी झाली तरी घरातली भांडी काही लहान होत नाहीत. आमच्या उचगावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावून बघा. पोरं बेंगळुरूला, पुण्याला, कुणी दुबईला. मागे राहिलेली दोघं पन्नाशी-पंचावन्नच्या घरातली. पण आमटीचं पातेलं तेच, सहा माणसांचं. परात तीच. सकाळची आमटी रात्री, रात्रीची दुसऱ्या दिवशी म्हशीच्या घमेल्यात. मधल्या मध्ये, अन्न टाकवत नाही म्हणून रोज जी एक भाकरी आणि दोन पळ्या आमटी जादा पोटात जाते, ती कमरेवर ठाण मांडून बसते.

आमच्या ह्यांच्या बाबतीत ती साखरेच्या रूपाने बाहेर आली. उद्यमबागेतल्या कारखान्यातून 58 व्या वर्षी निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत रक्त तपासलं तर साखर वाढलेली. मग जो तो सल्ला देणार. भात बंद करा, बटाटा बंद करा, रताळं तर बघूसुद्धा नका. ज्या गावाच्या शिवारात भात, बटाटा आणि रताळी हीच पिकं, तिथे माणसाने बघायचं तरी कशाकडे?

मी काही आहारतज्ज्ञ नव्हे. शेतकऱ्याच्या घरची गृहिणी आहे. पण या प्रश्नाचं आमच्यापुरतं उत्तर मला फार लांब, टोकियोत मिळालं, आणि ते इथल्या वाचक भगिनींना (आणि बंधूंनाही) उपयोगी पडेल असं वाटतं म्हणून लिहिते आहे.

आमचा मुलगा आणि सून टोकियोत निशी-कासाई भागात राहतात. 2000 सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय कुटुंबं या भागात वसली आणि आता तिथे आपली माणसं इतकी आहेत की भाजीच्या दुकानात कधी मराठी, कधी तेलुगू कानावर पडतं. 2019 मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. सून बैलहोंगलची, घरात कन्नड बोलणारी. तिचं पहिलं बाळंतपण 2023 च्या वसंतात होतं. विहीणबाईंना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आईऐवजी सासू गेली. डिंक, अळीव, खारीक आणि शेंगाचटणी घेऊन आम्ही दोघं नव्वद दिवसांसाठी विमानात बसलो.

शेजारच्या घरात आमच्याच वयाचं जोडपं होतं. त्यांचीही मुलं दुसऱ्या शहरात. बाळ झाल्यावर बाईंनी भेट आणली, मी शेंगाचटणी दिली, आणि एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सून दुभाषी.

मी चार-पाच पक्वान्नांची अपेक्षा करून गेले होते. प्रत्येकापुढे एक लाकडी तबक आलं. डाव्या हाताला छोट्या भांड्यात भात. उजव्या हाताला मिसोचं, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्याचं वाफाळतं सूप, त्यात तोफूचे तुकडे आणि कांद्याची पात. मागे एका बशीत भाजलेला मासा आणि किसलेला मुळा, एका वाटीत उकडून पिळलेला पालक, एका वाटीत लाल भोपळ्याच्या शिजवलेल्या फोडी. मुळ्याच्या लोणच्याचे तीन काप. आमच्याकडे डावी-उजवी बाजू असते तशी त्यांचीही ठरलेली. भात एवढासा की ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी एकतीस वर्षांत शिकले आहे.

या मांडणीला तिकडे 'इचिजू-सानसाई' म्हणतात. एक सूप आणि तीन पदार्थ. भात आणि लोणचं मोजायचं नाही, ते असतंच. 2013 मध्ये युनेस्कोने जपानी खाद्यसंस्कृतीचा वारसा यादीत समावेश केला तो याच घरगुती परंपरेसह. पण रोज तीन पदार्थ करणं तिथल्या बायकांनाही जड जातं. म्हणून योशिहारू दोई नावाच्या पाककला-अभ्यासकांनी 2016 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं एवढंच की एक सूप आणि एक पदार्थ पुरे. त्या सूपातच घरात असतील त्या भाज्या घाला, सोबत भात आणि लोणचं, झालं जेवण. हे पुस्तक तिथे खूप वाचलं गेलं. सुनेने त्यातला मजकूर मला समजावून सांगितला तेव्हा मला हसू आलं. आमच्या आजेसासूबाई पेरणीच्या दिवसांत हेच करत, फक्त त्याला पुस्तक लागलं नाही.

माझं लक्ष मात्र पदार्थांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर खिळलं. सगळी तबकं मांडून झाल्यावर बाई नवऱ्यासमोर बसल्या. दोघांनी हात जोडून 'इतादाकिमास' म्हटलं, म्हणजे 'नम्रपणे स्वीकारतो', आपल्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणत तसं. आणि जेवण संपेपर्यंत त्या बाई एकदाही उठल्या नाहीत. चहाचं पाणी आणायला उठले ते गृहस्थ.

लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि पंगत सोडली तर आम्ही दोघं एका वेळी समोरासमोर बसून रात्रीचं जेवण कधी जेवलो होतो, हे मला आठवेना. यात ह्यांचा काही जुलूम नाही. कारण आहे भाकरी. भाकरी तव्यावरून फुगून थेट ताटात पडली पाहिजे, हा आमच्या भागातला धर्म. एक जेवतो तेव्हा दुसरी थापते. त्याचं आटोपलं की ती बसते, तोवर तो हात धुऊन बातम्यांपुढे. चपातीचंही तेच. घरात सहा माणसं होती तोवर हे कळत नव्हतं, कारण जेवणाऱ्यांची आणि वाढणाऱ्यांची आपापली पंगत व्हायची. मी आणि सासूबाई मागाहून बसायचो आणि खरं सांगायचं तर दिवसातल्या सगळ्यात मजेच्या गप्पा तेव्हाच व्हायच्या. सासूबाई गेल्या, मुलगा गेला. उरले ते ह्यांचं एकट्याचं जेवण आणि माझं एकटीचं.

भात, सार आणि दोन छोट्या वाट्या, एवढ्याच जेवणात सगळं आधी तयार होतं आणि दोघांना एकदम बसता येतं. जपानी जेवणातलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं असं कुणी विचारलं, तर मी मिसो सांगणार नाही, मासा सांगणार नाही. हे सांगेन.

सुनेकडून आणखी एक गोष्ट कळली. निवृत्त होऊन दिवसभर बायकोच्या मागे-मागे असणाऱ्या नवऱ्याला जपानी बायका 'नुरे-ओचिबा' म्हणतात. म्हणजे भिजलेलं गळलेलं पान, झाडून टाकलं तरी जमिनीला चिकटून बसणारं. आयुष्यभर कामावर असलेला माणूस घरी आला की दोघांना एकमेकांशी बोलायचं काय हेच कळत नाही. उतारवयात घटस्फोट घेणाऱ्या जोडप्यांसाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे, आणि 2007 पासून अशा बायकोला नवऱ्याच्या पेन्शनीतला वाटा मिळण्याची सोय कायद्याने केली आहे. आपल्याकडे प्रकरण तिथवर जात नाही. आपल्याकडे दोघं एकाच घरात राहून दोन वेगवेगळ्या वेळी जेवतात. विहीणबाईंच्या तोंडी एक कन्नड म्हण नेहमी असते: 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' जेवायचं कसं हे ज्याला कळतं त्याला रोग नाही, बोलायचं कसं हे कळतं त्याला भांडण नाही. जेवण आणि बोलणं या म्हणीत शेजारी-शेजारी का बसवले असतील, याचा मी टोकियोत पहिल्यांदा विचार केला.

गावी परत आल्यावर पहिला प्रश्न सामानाचा. मिसो बॅगेतून आणला होता, तो चार महिन्यांत संपला. पुन्हा मागवला नाही, कारण तोवर लक्षात आलं होतं की त्याची गरज नाही. आमच्याकडे हुलगा आहे. हुलगे शिजवून त्याचं कळण काढायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी, चिंचेचं बोट. कन्नड घरात यालाच हुरळी सारु म्हणतात. रंगाने, दाटपणाने आणि जिभेवर मागे रेंगाळणाऱ्या चवीने मिसोच्या सूपाच्या सगळ्यात जवळ जाणारा पदार्थ हाच. त्या रेंगाळणाऱ्या चवीला इकेदा किकुनाए या जपानी शास्त्रज्ञाने 1908 मध्ये 'उमामी' असं नाव दिलं. त्यांनी ती समुद्री शेवाळात शोधली, पण ती पिकल्या टोमॅटोतही भरपूर असते, म्हणून टोमॅटोचं सार नुसत्या भाताबरोबरही जेवण पुरं करतं. मी आता सारातच दोन भाज्या टाकते. कधी मुळा, कधी दुधी, कधी शेवग्याचा पाला.

भाताचं तर काय सांगू. जपानी तांदूळ चिकट, काड्यांनी उचलता येईल असा. लांब मोकळ्या शिताच्या भाताचं कौतुक करणाऱ्या आमच्या बेळगाव बासमतीच्या मुलखात त्याला कुणी गिचका म्हणेल. पण आपली इंद्रायणी घ्या. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोरापासून काढलेला हा वाण आता आपल्याकडे बेळगाव-खानापुरातही घरोघर आहे. शिजला की गोळा होणारा आणि वासाचा. टोकियोच्या भाताची सय येते ती यानेच. पातेलं मी बदललं. खडेबाजारातून दीड लिटरचा लहान कुकर आणला. ह्यांना वाटलं, नातवाच्या खेळण्यातला आहे.

भाज्यांच्या वाट्या अशा: पालक, राजगिरा, चाकवत, जो सोप्पु मळ्यात असेल तो उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून लगेच गार पाण्यात काढायचा, पिळायचा, वर लिंबू. जपानी बाई वाफवलेल्या शेंगांवर तीळ वाटून घालतात. मी घेवड्यावर कारळाची, म्हणजे गुरेळ्ळुची चटणी घालते. ही युक्ती माझी, आणि ती शेजारच्या जपानी बाईंना व्हिडिओवरून दाखवली तेव्हा त्यांनी कारळ म्हणजे काय हे तीनदा विचारून घेतलं. भोपळ्याच्या किंवा मुळ्याच्या जाड फोडी थोड्या पाण्यात, चिमूटभर गुळात आणि चमचाभर सोया सॉसमध्ये झाकण ठेवून आटवायच्या. सोया सॉस घातला की मीठ घालायचं नाही, हे विसरू नका. काकडीची कोशिंबीर तर आपली आहेच. मंगळुरी किंवा वेंगुर्ल्याकडचा ताजा बांगडा मिळाला तर हळद-मीठ लावून कोरड्या तव्यावर, शेजारी किसलेला मुळा. सगळं मिळून चाळीस मिनिटं, आणि शेवटची वीस मिनिटं आता कोशिंबीर चिरायला माणूस आहे.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्या भागात लिंगायत आणि जैन घरं पुष्कळ. जपानी सूपाच्या पाण्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा कीस असतो. हॉटेलात दिसायला नुसता मुळा असला तरी त्यात मासा असू शकतो. मात्र त्यांच्या बौद्ध मठांतली 'शोजिन' पद्धत पूर्ण शाकाहारी आहे. तिथे समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या अळंब्यांचं पाणी वापरतात. आपल्याला तर प्रश्नच नाही, हुलगा आहे.

जपानी जेवण म्हणजे सगळंच औषध असंही समजू नका. त्यात मीठ फार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते आणि जपानी माणूस सरासरी 10 ग्रॅमच्या आसपास खातो. मिसो, सोया सॉस, लोणचं, सगळं खारट. रक्तदाब असलेल्या घराने ती पद्धत जशीच्या तशी उचलू नये. आणि नुसत्या पांढऱ्या भातानेही त्यांना एकदा चांगला धडा दिला आहे. जुन्या टोकियोत, म्हणजे एदोत, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी होई आणि त्याला 'एदोचं दुखणं' असंच नाव पडलं होतं. म्हणून आमच्याकडे दुपारची भाकरी कायम आहे. ज्वारीची किंवा नाचणीची, एकदम चार थापून फडक्यात. जपान फक्त रात्रीपुरता.

साखरेचं काय, हे वाचकांच्या मनात असणारच. गोळी चालू आहे आणि ती डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहणार. भात बंद केला नाही, मोजला. जपानी भांड्यात साधारण दीडशे ग्रॅम शिजलेला भात बसतो, आमच्या डॉक्टरांनी त्याहूनही थोडा कमी सांगितला. भाजी आधी आणि भात शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे जपानी संशोधकांनी तपासून दाखवलं आहे. पण आमटी-भात कालवून खाणाऱ्या माणसाला हे शिकवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. आता आधी भाजीची वाटी संपवतात, मग कालवतात. पोट ऐंशी टक्के भरलं की थांबावं, असं जपानी लोक म्हणतात. कायबारा एक्केन नावाच्या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही पोटभर न खाण्याचाच उपदेश आहे. आपल्या वाग्भटाने पोटाचा चौथा भाग वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितला तो त्याच्या कितीतरी शतकं आधी. दोघांचंही ऐकणारा माणूस मात्र अजून मला भेटायचा आहे.

जपानमध्ये 2008 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांची वर्षाच्या तपासणीत कंबरही मोजतात. पुरुषाला 85 सेंटिमीटर, बाईला 90. आपल्या लोकांसाठी हा आकडा पुरुषाला 90 आणि बाईला 80 असा सांगतात. हे मुलाने फोनवर सांगितलं आणि मी ब्लाउजच्या मापाची टेप काढली. ती शंभराच्या पुढे गेली तेव्हा ह्यांनी टेपच जुनी होऊन आखडली आहे असं ठरवलं. गेल्या दसऱ्याला टेप न काढता पँटचं बक्कल एक भोक आत गेलं, ते मीच पाहिलं. बोलले नाही.

हे सगळं वाचून ओल्या पार्टीच्या, मटणाच्या पंगतीच्या आमच्या गावात कुणी हसेल. हसू दे. मळेकरणीच्या नवसाची जेवणं जेवून वाढलेली माणसं आम्ही. पंगतीला पंगतीसारखंच जेवावं. दसऱ्याला, गणपतीला मुलं येतात तेव्हा मोठं पातेलं माळ्यावरून खाली येतंच आणि मीही भाकऱ्या थापत उभी राहते, आनंदाने राहते. प्रश्न आहे तो उरलेल्या तीनशे रात्रींचा.

पहिल्या काही रात्री अवघड गेल्या, हेही सांगायला हवं. समोरासमोर बसलो आणि बोलायचं काय? हे भोपळ्याची फोड मोडत बसायचे, मी सार फुंकत. मग एकदा ह्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली, 1998 सालची, भट्टीजवळ एका पोराचा जीव थोडक्यात वाचला होता. त्याला ओढून काढणारे हे. पंचवीस वर्षं मला माहीत नव्हती. मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत? म्हणाले, "अगं, तू तव्यापाशी होतीस."

मागच्या हिवाळ्यात विहीणबाई चार दिवस राहायला आल्या. रात्री मी तशीच चार माणसांची ताटं मांडली. लहान वाटी भात, हुरळी सारु, दोन पल्या, लोणच्याची फोड. मोठ्या अभिमानाने सांगितलं, हे जपानी पद्धतीचं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इदु नम्म अन्ना-सारु अल्लेन्री?" हे आपलं सार-भातच की हो! मग मी त्यांना खरी गोम सांगितली, सगळं आधी मांडून नवरा-बायकोने एकदम बसायची. तेव्हा तर त्यांनी कपाळालाच हात लावला. बैलहोंगलच्या बायका पंधरा-पंधरा दिवसांच्या खडक रोट्ट्या भाजून वाळवून डब्यात रचून ठेवतात. जेवायच्या वेळी डबा उघडायचा, की सगळी एकदम बसली. "आम्हाला तव्यापाशी उभं राहावं लागतच नाही," असं त्या कन्नडात म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ चाळायला बसल्या. आता आमच्याकडे खडक रोट्टीचाही डबा आहे. टोकियोला जायला मला सात तासांचा प्रवास बेंगळुरूपर्यंतच करावा लागला होता. बैलहोंगल आमच्यापासून दीड तासावर.

टोकियोहून निघताना मुलाने आम्हाला भाताच्या भांड्यांची जोडी दिली. तिकडे नवरा-बायकोसाठी अशी जोडी मिळते, 'मेओतो-जावान' म्हणतात. मोठं निळं नवऱ्याचं, लहान लाल बायकोचं. दिसायला सुरेख, पण मापातला फरक माझ्या डोळ्यांत सलला. गावी आल्यावर डॉक्टरांनी भाताचं माप सांगितलं, ते नेमकं लाल भांड्यात बसलं. त्या रात्रीपासून लाल ह्यांचं आणि निळं माझं. घरी पाहुणे आले की हे जेवायच्या आधी गुपचूप दोन्ही भांडी अदलाबदल करून ठेवतात आणि पाहुणे गेले की मी परत जागेवर लावते.